मुलुंडच्या गच्चीवर ब्लूबेरी : माझ्या नोंदी

३ डिसेंबर २०२३

झाडं आली एकदाची. दोन आहेत, एक बिलॉक्सी आणि एक मिस्टी, दोन्ही साधारण दीड वितीची, मुळं ओल्या कोकोपीटमधे गुंडाळून पाठवलेली. मागच्या वर्षी एका ठिकाणाहून ब्लूबेरी म्हणून जे रोप आणलं होतं ते वाढल्यावर भलतंच झुडूप निघालं, म्हणून यावेळी जातीचं नाव लिहून देणारा विक्रेता मिळेपर्यंत थांबले.

या दोनच जाती का ते लिहून ठेवते. ब्लूबेरीला हिवाळ्यात थंडीचे तास लागतात, म्हणजे तापमान साधारण ७ अंशांच्या खाली गेलेले तास, काही जातींना असे आठशे-हजार तास लागतात आणि आपल्याकडे त्यातला एकही नाही. मुंबईत जानेवारीतल्या गार पहाटेसुद्धा पारा सहसा १५-१६ वर असतो. सांताक्रूझचा आजवरचा नीचांक ७.४ आहे, २२ जानेवारी १९६२ चा, म्हणजे तेव्हासुद्धा या हिशोबात एक तास धरला गेला नसता. पण बिलॉक्सी ही अमेरिकेत मिसिसिपीत तयार केलेली कमी थंडीची जात आहे आणि पेरूच्या किनाऱ्यावर, जिथे हिवाळा असून नसल्यासारखा, तिथे ती झोपवतच नाहीत, पानं न गाळता बारा महिने वाढती ठेवतात आणि तरीही फळं घेतात. तिथे जमतं तर इथे करून बघायला काय हरकत आहे, एवढाच माझा विचार. मिस्टी सोबत घेतली कारण दोन जाती शेजारी असल्या की परागीकरण चांगलं होतं आणि फळ मोठं धरतं.

सासूबाईंनी खोकं उघडल्यावर विचारलं, "हे करवंदासारखं असतं का गं?" म्हटलं आई, अजून मलाच माहीत नाही, आलं की दोघी मिळून ठरवू.

१० डिसेंबर २०२३

आज लावली. नर्सरीतली लाल माती अजिबात घेतली नाही. कोकोपीट तीन पाण्यांनी धुतलं (त्यातला खारटपणा जायला हवा), त्यात पाइनच्या सालीचे तुकडे, थोडा पीट मॉस (दलदलीतलं वाळलेलं शेवाळ) आणि पर्लाइट (पाणी निथळायला मदत करणारे हलके पांढरे खडे). पीट मॉस महाग पडतो पण तो मुळातच आम्लधर्मी असतो आणि या झाडाला पीएच (आम्लतेचं माप, आकडा जितका कमी तितकं आम्ल जास्त) ४.५ ते ५.५ लागतो, आपल्या तुळशी-जास्वंदीला ६-७ चालतो त्याच्या पुष्कळ खाली. पीएचचा एक आकडा म्हणजे दहापट फरक, म्हणजे ७ वरून ५ वर यायचं तर शंभरपट आम्लता, हे डोक्यात ठेवलं तर कळतं की हे नुसतं लिंबू पिळून होणारं काम नाही. प्रत्येक बॅगेत एक चमचा शेतीचं गंधकही मिसळलंय, पण ते जिवाणूंनी पचवल्यावरच काम करतं आणि त्याला महिने लागतात.

१५ बाय १५ इंचाच्या पांढऱ्या ग्रो बॅग (कापडी-प्लास्टिकच्या पिशवीसारख्या कुंड्या) घेतल्या, काळ्या नकोत, आपल्या उन्हात काळी कुंडी तापते आणि याची मुळं वरच्या वर बारीक केसांसारखी पसरतात, खोल जात नाहीत. गच्चीच्या पूर्वेच्या कठड्याला विटांवर ठेवल्यात, सकाळी सातपासून एकपर्यंत ऊन आणि मग पाण्याच्या टाकीची सावली. विटा ही सेक्रेटरी साहेबांची अट, वॉटरप्रूफिंगला ओल लागता कामा नये, आणि ती बरोबरच आहे.

मिस्टीवर चार कळ्या आल्या होत्या, त्या खुडल्या. पहिल्या वर्षी फळ घ्यायचं नाही, मुळं आधी.

सवयीने प्रत्येक बॅगेत दोन मुठी गांडूळखत पण घातलं.

२१ जानेवारी २०२४

बिलॉक्सीला तीन नवे फुटवे, लालसर कोवळी पानं, रोज ऑफिसला जायच्या आधी वर जाऊन बघते. मिस्टी आहे तशीच. रोज एक एक लिटर पाणी, गच्चीवरच्या नळाचं.

११ फेब्रुवारी २०२४

दोन्हींची नवी पानं पिवळी पडतायत. शिरा हिरव्या आणि मधला भाग फिका, जाळीसारखं दिसतं. गेल्या आठवड्यात राणीच्या बागेत महापालिकेचं झाडाफुलांचं प्रदर्शन होतं तिथे गेले होते, एका स्टॉलवरच्या दादांना फोटो दाखवला तर ते म्हणाले एप्सम सॉल्ट (म्हणजे मॅग्नेशियमचं मीठ) द्या ताई. दिलं. काही नाही. मग बसून वाचलं तेव्हा कळलं की मॅग्नेशियम कमी पडलं तर आधी जुनी, खालची पानं पिवळी पडतात, लोह कमी पडलं तर नवी, वरची. माझी वरची पडतायत. म्हणजे लोह. आणि लोह कमी म्हणजे मिश्रणात लोह नाही असं नाही, पीएच वर गेला की असलेलं लोहच झाडाला उचलता येत नाही, ताटात वाढलंय पण तोंडात जात नाही अशी गत.

पण मी तर सगळं आम्लधर्मी घातलं होतं. मग पीएच वर गेला कसा?

वाचताना फ्रेडरिक कोविल सापडले, अमेरिकेच्या शेती खात्यातले वनस्पतिशास्त्रज्ञ. १९१० साली त्यांनी ब्लूबेरीवरच्या प्रयोगांची पुस्तिका छापली, त्यात सगळ्यात मोठी गोष्ट हीच की हे झाड चांगल्या, खतावलेल्या बागेच्या मातीत मरतं, त्याला आंबट आणि निकस जमीनच हवी. तोवर लोक ब्लूबेरी रानातूनच वेचायचे. ते वाचून न्यू जर्सीच्या क्रॅनबेरी शेतकऱ्याची मुलगी एलिझाबेथ व्हाइट यांनी त्यांना पत्र लिहिलं, आपली जमीन देऊ केली, रानातून फळं वेचणाऱ्या लोकांना मोठ्या फळाची झुडपं दाखवायचे पैसे दिले आणि १९१६ मधे लागवडीच्या ब्लूबेरीचा पहिला माल बाजारात गेला. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी जी गोष्ट माहीत झाली तिच्या बरोबर उलट मी त्या दोन मुठी गांडूळखत घातलं होतं. वरवरचं जेवढं काढता आलं तेवढं काढलं आज.

३ मार्च २०२४

सापडलं.

आज सोसायटीत टाकी धुवायचा दिवस, सकाळपासून घरात पाणी नाही, बादल्या भरून ठेवलेल्या. दहाच्या सुमारास वर गेले, सवयीने नळ सोडला तर धो धो पाणी. घरात थेंब नाही आणि गच्चीवर पाणी कुठून? प्लंबर तिथेच होता, तो म्हणाला हा नळ फ्लशच्या टाकीचा आहे ना ताई, बोअरचा, महापालिकेचं पाणी या लाइनला नाहीच.

अकरा वर्षं या बिल्डिंगमधे राहतेय, आणि मला हे माहीत नव्हतं. तीन महिने रोज एक लिटर बोअरचं पाणी.

संध्याकाळी मुलाच्या मित्राकडून टीडीएस मीटर (पाण्यात किती क्षार विरघळलेत ते मोजणारं) आणि पीएच मीटर आणले आणि घरातलं प्रत्येक पाणी मोजलं :

किचनचा नळ : टीडीएस ७८, पीएच ७.४
गच्चीचा नळ : टीडीएस ६४०, पीएच ८.१
आरओतून वाया जाणारं पाणी : टीडीएस १९०, पीएच ७.९
एसीच्या नळीचं पाणी : टीडीएस १४, पीएच ६.४

हे चार आकडे मी कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेत. किचनच्या नळाला येतं ते तानसा, वैतरणा, भातसा वगैरे तलावांचं, पावसाचंच साठवलेलं, म्हणून ते मऊ. बोअरच्या पाण्यात जमिनीतले कॅल्शियमचे क्षार आणि बायकार्बोनेट, ते रोज थोडं थोडं मिश्रणातली आम्लता खाऊन टाकतात, जसं ॲसिडिटीवर अँटासिड. पीट मॉसला, गंधकाला, सगळ्याला तेच पुरून उरत होतं. मी मातीमागे लागले होते आणि चूक नळात होती.

४ मार्च २०२४

रात्री झोप नीट लागली नाही, म्हणून पहाटेच प्रयोग केला. २० लिटर बोअरच्या पाण्यात लिंबूफूल (सायट्रिक ॲसिड) घालत गेले, साडेपाचवर यायला दोन चमचे भरून लागले. २० लिटर किचनच्या पाण्याला फक्त पाव चमचा. दोन्ही पाण्यांच्या पीएचमधे पाऊण आकड्याचाच फरक होता पण आम्ल मात्र आठपट लागलं, म्हणजे नुसता पीएच बघून पाणी ओळखता येत नाही, त्यात विरोध करणारे क्षार किती आहेत ते महत्त्वाचं. ज्यांच्याकडे मीटर नाही त्यांच्यासाठी एक खूण, ज्या पाण्याने बादलीला पांढरा थर चढतो ते पाणी ब्लूबेरीला देऊ नका.

१७ मार्च २०२४

दोन आठवडे झाले. पहिल्या रविवारी दोन्ही बॅगा किचनच्या पाण्याने (पाव चमचा लिंबूफूल टाकून) खालून पाणी वाहेपर्यंत धुतल्या, तीन वेळा. मग चिलेटेड लोह (झाडाला सहज उचलता येईल अशा रूपातलं) अगदी थोडं. आज बिलॉक्सीच्या शेंड्याला जे पान आलंय ते हिरवं आहे. पिवळी झालेली पानं परत हिरवी होतीलच असं नाही, आता नव्यांकडे बघायचं.

पाणी वर न्यायचं काम मात्र मोठं आहे, आम्ही दुसऱ्या मजल्यावर, गच्ची पाचवी आणि लिफ्ट चौथ्यापर्यंत. तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी जिन्यात बादली घेऊन जाताना बघितलं आणि म्हणाल्या, "अगं आमच्या एसीचं पाणी रोज बाल्कनीत सांडतंय, खालच्यांची कटकट होते ती वेगळीच, तू नेशील का?" मी म्हटलं काकू, तुम्ही देवासारख्या भेटलात. त्यांच्या नळीखाली आता माझा कॅन असतो. आपल्याकडच्या दमट हवेत एसी रात्रभर चालला की त्यांच्या बेडरूममधून पाच-सहा लिटर सहज निघतं. हवेतली वाफ थंड होऊन झालेलं पाणी, त्यात क्षार जवळपास नाहीतच. फक्त एसीची सर्व्हिस झाली की दोन दिवसांचं पाणी टाकून द्यायचं, कारण ते लोक केमिकल मारतात.

खत आता फक्त अमोनियम सल्फेट, अर्धा चमचा पाच लिटरमधे विरघळवून दोन झाडांना मिळून, दर तीन आठवड्यांनी. या झाडाला नायट्रोजन अमोनियमच्या रूपात लागतो, नायट्रेटचा त्याला फारसा उपयोग करता येत नाही. शेणखत, राख, अंड्याची टरफलं, चुना, या सगळ्याला कायमची बंदी. सासूबाई चुलीच्या राखेवर भाज्या वाढवलेल्या, त्यांना हे पटायला वेळ लागला.

२१ एप्रिल २०२४

वाईट उष्मा. शेडनेट बांधलं, ५० टक्क्यांचं, आणि बॅगांना ओलं गोणपाट गुंडाळलं. वर पाइनच्या सालीचा दोन इंचाचा थर. मिस्टीची एक फांदी वाळली, कापून टाकली. पिठ्या ढेकूण दिसले दोन ठिकाणी, इअरबडला स्पिरिट लावून पुसले आणि नीम ऑइल मारलं संध्याकाळी, उन्हात नाही.

९ जून २०२४

मान्सून आला आज मुंबईत. शेडनेट काढलं. दोन्ही झाडं उघड्यावर पावसात ठेवली आणि मी पण उभी राहिले.

पावसाचं पाणी मुळातच किंचित आम्लधर्मी असतं, हवेतला कार्बन डायऑक्साइड विरघळल्यामुळे साडेपाचच्या आसपास. म्हणजे या झाडाला हवं तेच पाणी वरून चार महिने फुकट येणार आहे. थंडी देता येत नाही मुंबईला पण पाणी देता येतं.

८ जुलै २०२४

रात्री एक ते सकाळी सात या सहा तासांत शहरात काही ठिकाणी ३०० मिलिमीटरच्या वर पडला. लोकल बंद, ऑफिस बंद. वर गेले तर मिस्टीच्या बॅगेत पाणी वरपर्यंत तुंबलेलं. विटांवर मी नारळाच्या काथ्याची चटई घातली होती ना, ती फुगून खालच्या भोकांना चिकटली होती. बिलॉक्सीखाली चटई नव्हती, ती ठीक.

चटई काढली, बॅग तिरकी करून पाणी काढलं, ट्रायकोडर्मा (मुळं कुजवणाऱ्या बुरशीला आवरणारी उपयोगी बुरशी) दिलं.

२८ जुलै २०२४

मिस्टी गेली. वरची पानं तपकिरी, फांदी वाकवली की मोडते. उपटून बघितली तर मुळं काळपट आणि कुजका वास, मूळकूज. या झाडाची मुळं बारीक असली तरी इतर झाडांच्या मुळांवर पाणी शोषणारे जे सूक्ष्म केस असतात ते यांना नसतात, त्या जागी एक बुरशी त्यांच्या सोबतीने राहून अन्न मिळवून देते, त्यामुळे मुळं आधीच नाजूक, त्यात दम कोंडला की संपलं. बोअरच्या पाण्यातून वाचलेलं झाड पावसात गेलं याचं फार वाईट वाटलं, त्या दिवशी पाणी द्यायलाही वर गेले नाही, म्हणजे पाऊसच होता तसा, पण नाही गेले.

बिलॉक्सी आता माझ्या कमरेपर्यंत येतेय. तिच्या बॅगेला खाली बाजूने आणखी सहा भोकं पाडली.

१५ सप्टेंबर २०२४

नवीन मिस्टी आणली. पावसाच्या पाण्यासाठी २०० लिटरचा निळा ड्रम घेतला, जिन्याच्या छपराच्या पन्हळीचा पाइप त्यात सोडलाय. डासांच्या अळ्या होऊ नयेत म्हणून तोंडाला दुहेरी सुती कापड, वर झाकण, आणि पाणी काढायला खाली तोटी, झाकण उघडायचं कामच नको. महापालिकेची माणसं डेंग्यूच्या अळ्या तपासायला गच्चीवर येतात, त्यांना मीच नेऊन दाखवला, त्यांनी बॅटरी मारून बघितलं आणि ठीक आहे म्हणाले. सेक्रेटरी साहेबही त्यानंतर गप्प झाले.

१३ ऑक्टोबर २०२४

ऑक्टोबर हीट सुरू. गोणपाट परत. ड्रम काठोकाठ.

२४ नोव्हेंबर २०२४

बिलॉक्सीच्या शेंड्यांना गोल टपोऱ्या कळ्या! पानाची कळी बारीक टोकदार असते आणि फुलाची फुगीर, आणि या फुगीर आहेत, अकरा मोजल्या. एका कळीतून फुलांचा घोस निघतो. दिवस लहान झाले की ही कळी धरते, त्यासाठी ७ अंशांची थंडी लागली नाही. मी सासूबाईंना हात धरून वर नेलं दाखवायला, गुडघे दुखतात त्यांचे तरी आल्या.

२२ डिसेंबर २०२४

फुलं उघडली. पांढरी, उलट्या टांगलेल्या घंटेसारखी, तोंड खाली. परागकण आतल्या नळीच्या टोकाला असलेल्या बारीक भोकातून गळतात, मिठाच्या डबीसारखे, हलवल्याशिवाय येत नाहीत. त्यासाठी फुलाला लटकून पंख न हलवता अंग थरथरवणारा कीटक लागतो आणि मधमाशीला ते जमत नाही. मुलाचा जुना बॅटरीचा टूथब्रश घेतला आणि रोज सकाळी नऊच्या सुमारास देठाला मागून दोन-दोन सेकंद टेकवला, खाली काळा कागद धरला तर त्यावर पिवळसर पूड पडलेली दिसते.

चौथ्या दिवशी बघते तर कठड्यावरच्या कृष्णकमळावर नेहमी येणारा मोठा काळा भुंगा बिलॉक्सीवर. फूल त्याच्या वजनाने खाली झुकतं आणि घूं घूं आवाज एकदम बारीक होऊन वर चढतो, तेच ते थरथरवणं. मी टूथब्रश घेऊन दहा मिनिटं नुसती उभी. नव्या मिस्टीच्या सहा फुलांचे पराग घेतले आणि मग तिची फुलं खुडली.

२ फेब्रुवारी २०२५

हिरव्या गोट्या, ज्वारीच्या दाण्यापासून वाटाण्यापर्यंत सगळ्या मापाच्या. ५३ मोजल्या. जाळी लावली, बुलबुल दोनदा येऊन बघून गेलेत आणि खार तर रोजच. ड्रममधे ६० लिटरच्या आसपास उरलंय, एक दिवस पावसाचं आणि एक दिवस लिंबूफूल घातलेलं किचनचं असं चाललंय.

९ मार्च २०२५

पहिलं फळ १ मार्चला निळं दिसलं आणि मी लगेच तोडलं, आंबट लागलं. हे तोडल्यावर आंब्यासारखं आढीत पिकत नाही, जी गोडी यायची ती झाडावरच. देठाजवळची लाल कडा पूर्ण जाऊन निळी होईपर्यंत थांबायचं, त्यानंतरही चार-पाच दिवस, आणि मग बोटाने नुसतं लोटलं की हातात येतं. वरची पांढरी पावडर पुसायची नाही, ती फळाचीच आहे, ताजेपणाची.

आज सात तोडली, काकूंना तीन दिली. सासूबाईंनी एक फळ बराच वेळ तोंडात धरलं. मग म्हणाल्या, "करवंदासारखं चिकट नाही आणि जांभळासारखं घशाला धरत नाही. वास मात्र रानातलाच आहे." मी हे आहे तसं लिहून ठेवतेय.

६ एप्रिल २०२५

शेवटची चार तोडली. एकूण ४६ फळं, ५८ ग्रॅम. सात खारीने नेली, जाळीला खालून फट होती.

२६ मे २०२५

मान्सून आजच आला, ११ जूनच्या नेहमीच्या तारखेपेक्षा सोळा दिवस आधी, आणि माझा ड्रम धुवायचा राहिलेला. भिजत धुतला. पहिला अर्धा तास पाइप बाहेर सोडला, छपरावरची धूळ आणि कबुतरांची घाण जाऊ दे, मग आत घेतला. दोन्ही बॅगांखाली फक्त विटा आहेत, भोकं हाताने तपासली.

फळं संपल्यावर एप्रिलमधे छाटणी केली होती, बारीक काटक्या आणि आत वळलेल्या फांद्या काढल्या, कारण फळ येतं ते गेल्या हंगामात वाढलेल्या फांदीवर, ती जाड आणि उन्हात असलेली हवी.

९ नोव्हेंबर २०२५

बिलॉक्सीवर ३८ फुगीर कळ्या, मिस्टीवर १४, या वर्षी तिच्याही ठेवणार. ऑक्टोबरमधे दोघींना मोठ्या बॅगांत हलवलं, २० बाय २०, मिश्रण तेच, गांडूळखताशिवाय. निथळलेल्या पाण्याचा पीएच ५.१.

गच्चीवरच्या नळाला सेक्रेटरी साहेबांनी पाटी लावून घेतलीय, "बोअरचे पाणी". समोरच्या विंगमधल्या एका मुलाने गेल्या महिन्यात ब्लूबेरी आणली, पानं पिवळी होतात म्हणून विचारायला आला, मीटर घेऊन त्याच्या बाल्कनीत गेले. त्याचा नळही बोअरचाच निघाला.

ड्रममधे १८० लिटर आहे. जाळीची खालची फट तारेने शिवायची आहे या रविवारी. काकू म्हणाल्या एसी आता मार्चपर्यंत बंद, तोवर हे पाणी पुरवायचंय.